पुस्तकातला पहिलाच शब्द 'सोडून द्या' : चीनमधली कॉलेजची पोरं इंग्रजीच्या ४२५ मार्कांसाठी काय काय करतात?

चीनमधल्या कुठल्याही कॉलेजच्या पोराला झोपेतून उठवून एखादा अवघड इंग्रजी शब्द विचारा. तो एकच शब्द सांगेल, 'अबॅन्डन'.

आता हा काही रोजच्या बोलण्यातला शब्द नाही. पण तिथे इंग्रजीच्या परीक्षेसाठी शब्दांची जी जाडजूड पुस्तकं मिळतात, ती वर्णमालेनुसार लावलेली असतात. किरकोळ शब्द वगळले की 'अबॅन्डन' पहिल्याच पानावर येतो. पोरगं मोठ्या उत्साहाने पुस्तक आणतं, पहिलं पान पाठ करतं, आठवडाभरात पुस्तक कपाटात जातं. परीक्षा जवळ आली की पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. त्यामुळे पहिलं पान मळून काळं झालेलं आणि शेवटचं कोरं करकरीत.

यातली गंमत म्हणजे 'अबॅन्डन'चा अर्थच मुळी 'सोडून देणं' असा आहे. पुस्तक पहिल्याच पानावर सांगतंय, बाबा सोड हा नाद. चिनी सोशल मीडियावर या एका शब्दावर वर्षानुवर्षं मीम्स बनतायत.

पण नाद सोडून चालत नाही. कारण या पुस्तकाच्या पलीकडे एक परीक्षा उभी असते, आणि त्या परीक्षेच्या पलीकडे नोकरी. दरवर्षी एक कोटीहून जास्त वेळा दिली जाणारी ही परीक्षा नेमकी आहे काय, आणि इतकी वर्षं इंग्रजी शिकूनही तिथल्या पोरांची बोलताना दातखीळ का बसते, हे जरा नीट समजून घेऊ.

आधी ही परीक्षा काय आहे ते बघू

परीक्षेचं नाव आहे 'कॉलेज इंग्लिश टेस्ट'. तिच्या दोन पातळ्या आहेत, चौथी आणि सहावी. चिनी पोरं दोन्हींना मिळून 'स-लिउ-जी' म्हणतात, म्हणजे 'चार-सहा पातळी'. ज्यांचा मुख्य विषय इंग्रजी नाही, म्हणजे इंजिनिअरिंग, शेती, कॉमर्स, मेडिकल असं काहीही शिकणाऱ्यांसाठी ही परीक्षा आहे. इंग्रजी हाच विषय घेणाऱ्यांची परीक्षा वेगळी असते.

चौथ्या पातळीची परीक्षा १९८७ साली सुरू झाली आणि सहावीची १९८९ साली. त्यामागचं कारण सरळ होतं. माओच्या काळानंतर चीनने जगासाठी दारं उघडली होती. बाहेरचं तंत्रज्ञान, बाहेरची पुस्तकं, बाहेरचे व्यापारी येणार होते. हे सगळं वाचता येणारे पदवीधर हवे होते. म्हणून प्रत्येक विद्यापीठात इंग्रजी सक्तीचं झालं आणि ते खरंच शिकवलं जातंय का, हे तपासायला देशभर एकच मोजपट्टी तयार झाली.

इथे 'वाचता येणारे' हा शब्द लक्षात ठेवा. तो पुढे कामाला येणार आहे.

परीक्षा वर्षातून दोनदा होते, जून आणि डिसेंबरमध्ये. एकाच दिवशी सकाळी चौथी पातळी, दुपारी सहावी. एकूण मार्क ७१०.

हा ७१० आकडा आला कुठून? २००५ पर्यंत परीक्षा साधी १०० मार्कांची होती. ६० मिळाले की पास, आणि पास झाल्याचं सर्टिफिकेट. २००५ साली पद्धत बदलली. आता तुम्ही किती प्रश्न बरोबर सोडवले त्यावर थेट मार्क पडत नाहीत. काही ठराविक विद्यापीठांमधल्या विद्यार्थ्यांचा एक गट प्रमाण म्हणून धरला गेला, त्यांची सरासरी ५०० मानली गेली आणि त्यांच्या तुलनेत तुम्ही कुठे बसता, तो तुमचा स्कोअर. सर्टिफिकेटऐवजी गुणपत्रक मिळायला लागलं. अधिकृतपणे 'पास-नापास' हा प्रकारच संपला.

पण लोकांना रेघ लागतेच. चौथीत ४२५ मिळाले तरच सहावीला बसता येतं, असा नियम होता. झालं, सगळ्या देशाने ४२५ हीच पासाची रेघ धरली. कंपन्यांनी धरली, सरकारी भरतीच्या जाहिरातींनी धरली, पोरांनी आणि त्यांच्या आईबापांनीही धरली. जुन्या ६० ची जागा ४२५ ने घेतली इतकंच.

पण एवढं टेन्शन कशाला?

कारण बरीच वर्षं परिस्थिती अशी होती की चौथी पातळी निघाली नाही तर डिग्रीच मिळत नव्हती. चार वर्षं यंत्रांचा अभ्यास करा, सगळे विषय काढा, पण इंग्रजीत अडकलात तर पदवी अडकली. पुढे यावर टीका झाली, तेव्हा शिक्षण मंत्रालयाने सांगितलं की असा नियम आम्ही कधी केलाच नव्हता, विद्यापीठांनी तो आपापला लावला. विद्यापीठांना आपला निकाल चांगला दाखवायचा होता, त्यासाठी पोरांच्या मानेवर डिग्रीची सुरी ठेवणं हा सोपा उपाय होता.

हळूहळू बऱ्याच विद्यापीठांनी ही अट काढली. सप्टेंबर २०२३ मध्ये शिआन जिआओतोंग विद्यापीठाने पदवीसाठी चौथी-सहावी पातळी लागणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा चिनी सोशल मीडियावर तोच विषय गाजला. अर्ध्या लोकांचं म्हणणं, बरं झालं, आता मोबाईलच भाषांतर करून देतो, पोरांचा वेळ वाया कशाला घालवायचा? उरलेल्या अर्ध्यांचं म्हणणं, डिग्री मिळेल हो, पण नोकरी देणारा गुणपत्रक मागायचं सोडणार आहे का?

दुसऱ्या गटाचा मुद्दा खोटा नव्हता. नोकरीच्या असंख्य जाहिरातींमध्ये '४२५ च्या वर' ही ओळ असतेच. काम कदाचित गोदामातला हिशेब ठेवायचं असेल, तिथे इंग्रजीचा एक शब्द लागणार नसेल, तरीही. एका जागेला हजार अर्ज आले की चाळणी लावायला काहीतरी लागतं. ४२५ हा त्या चाळणीच्या भोकाचा आकार झालाय.

काही शहरांमध्ये तर गोष्ट नोकरीच्याही पुढे गेली. चीनमध्ये 'हुकोऊ' नावाची नोंदणी असते. तुमची नोंद ज्या गावची, तिथेच तुम्हाला शाळा, दवाखाना, घर यांचे पूर्ण हक्क. शांघायमध्ये शिकायला आलेल्या बाहेरगावच्या पदवीधरांना तिथली हुकोऊ देताना गुण मोजले जात, आणि त्या गुणांमध्ये या इंग्रजी परीक्षेलाही जागा होती. म्हणजे 'अबॅन्डन'पासून सुरू झालेली पाठांतराची गाडी थेट तुमचं पुढचं आयुष्य शांघायमध्ये जाणार की गावाकडे, इथपर्यंत पोचत होती.

वर एक घड्याळही आहे. २००७ पासून ही परीक्षा फक्त शिकत असलेल्या विद्यार्थ्यांनाच देता येते. कॉलेज संपलं की दार बंद. चार वर्षांत जेमतेम सात-आठ संधी. त्यातही बऱ्याच कॉलेजांमध्ये पहिल्या सत्रात बसू देत नाहीत. शेवटच्या वर्षाला ४१९ वर अडकलेल्या पोराच्या पोटात काय होत असेल, याचा विचार करा.

परीक्षेच्या दिवशी काय होतं?

चौथ्या पातळीचा पेपर सव्वादोन तासांच्या आत संपतो. सुरुवात निबंधाने. ३० मिनिटं, १२० ते १८० शब्द. मग २५ मिनिटं ऐकण्याचे प्रश्न. त्यानंतर वाचन आणि शेवटी चिनीतून इंग्रजीत भाषांतर.

ऐकण्याच्या प्रश्नांसाठी अनेक कॉलेजांमध्ये वर्गातला स्पीकर वापरत नाहीत. कॅम्पसवर ठराविक फ्रिक्वेन्सीवर रेडिओ लागतो आणि प्रत्येकाने स्वतःचा एफएम हेडफोन आणायचा. त्यामुळे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पोरं इंग्रजीइतकीच काळजी बॅटरीची करतात. ऐन वेळी हेडफोनमध्ये खरखर सुरू झाली तर २४८ मार्क हवेत गेले म्हणून समजा. ध्वनिफीत एकदाच वाजते, पुन्हा नाही. ती संपली की निबंध आणि ऐकण्याच्या उत्तरांचा कागद ताबडतोब काढून घेतला जातो. 'नंतर सावकाश गोळे काळे करू' म्हणणारे तिथेच फसतात.

आता मार्कांचा हिशेब बघा, कारण अभ्यासाची सगळी गणितं त्यावर ठरतात.

ऐकणं ३५ टक्के. वाचन ३५ टक्के. निबंध १५ टक्के. भाषांतर १५ टक्के.

वाचनात तीन प्रकार आहेत. एकात १० रिकाम्या जागा आणि १५ शब्द दिलेले असतात, योग्य शब्द बसवायचा. यात भरपूर डोकं खर्च होतं, पण मिळतात एकूण फक्त ५ टक्के. दुसऱ्यात एक लांबलचक लेख, आणि दिलेलं वाक्य कोणत्या परिच्छेदातलं ते शोधायचं, १० टक्के. तिसऱ्यात दोन उतारे आणि त्यावर प्रश्न, २० टक्के. म्हणजे उताऱ्यावरचा एक प्रश्न साधारण १४ मार्कांचा आणि रिकामी जागा साडेतीन मार्कांची.

म्हणून हुशार पोरं पेपर उलटा सोडवतात. आधी उतारे, मग परिच्छेद शोधणं, मग भाषांतर, आणि वेळ उरलाच तर रिकाम्या जागा. नाहीतर तिथे सरळ एकच पर्याय ठोकत जायचं. हे सीनियर ज्युनियरला सांगतो, ज्युनियर पुढच्या ज्युनियरला. आपल्याकडे 'अपेक्षित' चाळणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

निबंधाचंही तसंच. त्यासाठी 'सगळीकडे चालणारी वाक्यं' पाठ केली जातात. विषय मोबाईल असो, पर्यावरण असो की मैत्री, सुरुवात 'विथ द डेव्हलपमेंट ऑफ सोसायटी', म्हणजे 'समाजाच्या विकासाबरोबर'. आपल्या शाळेतल्या प्रत्येक निबंधात 'आजच्या धावपळीच्या युगात' यायचं ना, त्याचाच हा चिनी भाऊ.

इतकंच काय, अक्षरसुद्धा पाठ असतं. हबेई प्रांतात हेंगशुई नावाचं गाव आहे. तिथली एक शाळा कडक शिस्तीसाठी देशभर प्रसिद्ध आहे. तिथल्या मुलांचं इंग्रजी अक्षर इतकं गोल, एकसारखं की छापील वाटावं. या वळणाला 'हेंगशुई वळण' असं नावच पडलंय आणि त्याच्या सरावाच्या वह्या देशभर विकल्या जातात. शेकडो पेपर तपासून दमलेल्या माणसाला स्वच्छ अक्षर बघून बरं वाटतं, हा त्यामागचा साधा हिशेब.

भाषांतराचा प्रश्न सगळ्यात भारी. डिसेंबर २०१३ पासून पूर्ण परिच्छेद भाषांतराला येतो, आणि विषय असतात चीनचा इतिहास, संस्कृती, अर्थव्यवस्था. चहा, रेशीम मार्ग, शरदातल्या पौर्णिमेचा सण असं काहीही. यात पोरांची जी त्रेधा उडते तिचे किस्से परीक्षा संपल्यावर संध्याकाळी सोशल मीडियावर येतात. आपणच रोज खातो तो पदार्थ इंग्रजीत कसा सांगायचा? पुरणपोळीला इंग्रजीत काय म्हणाल, सांगा बरं पटकन. तसंच आहे ते.

इंग्रजी चिनी माणसालाच इतकं जड का जातं?

यात मेहनतीचा प्रश्न नाही. दोन भाषांमधलं अंतरच मोठं आहे.

मराठीत आपण म्हणतो जातो, गेलो, गेली, जाणार. क्रियापद सतत रूप बदलतं. चिनी क्रियापद रूप बदलतच नाही. जाण्यासाठी 'छ्यू' हा एकच शब्द. मी, तू, ती, काल, उद्या, सगळ्याला 'छ्यू'. कधीची गोष्ट आहे ते 'काल', 'उद्या' अशा शब्दांनी आणि एखाददुसऱ्या छोट्या शब्दाने कळतं. अशा भाषेत वाढलेल्या माणसाला इंग्रजीतले 'गो', 'गोज', 'वेन्ट', 'गॉन' म्हणजे एका कामासाठी चार माणसं ठेवल्यासारखं वाटतं.

अनेकवचनाचंही तेच. आपण एक पुस्तक, तीन पुस्तकं म्हणतो. चिनीत वस्तूचा शब्द तसाच राहतो. 'सान बेन शू' म्हणजे तीन पुस्तकं. यात 'सान' म्हणजे तीन, 'शू' म्हणजे पुस्तक आणि मधला 'बेन' हा पुस्तकं मोजायचा शब्द. आपण 'दोन जुड्या मेथी' म्हणताना जुडी मोजतो, तसं.

तो, ती आणि ते या तिघांना बोलताना एकच शब्द, 'ता'. लिहिताना चिन्हं वेगळी असतात, पण कानाला सारखंच. म्हणूनच चांगलं इंग्रजी येणारा चिनी माणूसही बोलण्याच्या ओघात बायकोला 'ही' म्हणून जातो. त्याला फरक कळत नाही असं नाही. बोलताना हा फरक करायची जिभेला सवयच नाही.

उच्चारांची अडचण वेगळी. प्रमाण चिनीतला शब्दाचा प्रत्येक तुकडा एकतर स्वराने संपतो, नाहीतर 'न'सारख्या नाकातल्या आवाजाने, फार तर 'र'ने. 'ड', 'ट', 'क' असा शेवट नाही. त्यामुळे 'गुड'चा 'गुड्अ' होतो. 'थिंक'मधला आवाज नसल्यामुळे त्याचं 'सिंक' होतं. यात आपणही हसण्यात अर्थ नाही. इंग्रजीतले 'व'चे दोन वेगळे आवाज मराठी माणूस एकाच 'व'मध्ये बसवतो, आणि 'अ' कुठे आणि 'द' कुठे लावायचा, याचा गोंधळ आपला आणि त्यांचा अगदी सारखा आहे. कारण मराठीतही हे शब्द नाहीत आणि चिनीतही नाहीत.

शिवाय शिकण्याची सवय. चिनी लिपीत हजारो चिन्हं आहेत, आणि ती लहानपणी पुन्हा पुन्हा गिरवूनच डोक्यात बसतात. तिथे पाठांतराला पर्याय नाही. मग तीच सवय इंग्रजीला लागते. चौथ्या पातळीला साडेचार हजारांच्या आसपास शब्द लागतात. यादी घ्या, गिरवा, उद्या दुसरी यादी घ्या.

मुकं इंग्रजी

आता सुरुवातीचा 'वाचता येणारे' हा शब्द आठवा. परीक्षा मुळात वाचणारे पदवीधर घडवायला तयार झाली होती. त्यातून जो माल तयार झाला त्याला चिनी लोकांनीच नाव ठेवलं, 'याबा यिंग्यू', म्हणजे मुकं इंग्रजी. वाचतो, लिहितो, व्याकरणाच्या चुका शोधून देतो. पण समोर परदेशी माणूस उभा राहिला की तोंडातून शब्द फुटत नाही.

यात पोरांची चूक काढणं सोपं आहे. पण वरचे टक्के पुन्हा बघा. ऐकणं ३५, वाचन ३५, निबंध १५, भाषांतर १५. बेरीज झाली १००. बोलण्याला किती? शून्य. बोलण्याची परीक्षा आहे, १९९९ पासून आहे, पण ती वेगळी आणि ऐच्छिक. नोकरीवाला विचारतो ४२५ चं. मग ज्याला मार्क नाहीत त्यासाठी कोण घसा कोरडा करणार?

इतक्या मुलांची तोंडी परीक्षा घ्यायची म्हटलं तर तेवढे परीक्षक आणायचे कुठून, हा प्रश्नही खराच. गोळे काळे केले की मशीन तपासतं. बोलणं तपासायला वेळ, माणूस आणि पैसा लागतो. म्हणून जे स्वस्तात मोजता येतं ते मोजलं गेलं, आणि जे मोजलं गेलं तेच शिकवलं गेलं.

याचा सगळ्यात मोठा फटका गावाकडच्या मुलांना बसतो. चीनमध्ये २००१ पासून तिसरीपासून इंग्रजी आणायला सुरुवात झाली. महाराष्ट्राने मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आणलं २००० साली, म्हणजे साधारण एकाच काळात दोन्हीकडे हाच विचार चालू होता. पण शांघायमधली तिसरी आणि डोंगरातल्या खेड्यातली तिसरी यात फरक आहे. शहरातल्या मुलाला क्लास, कार्टून, परदेशी शिक्षक. खेड्यातल्या मुलाला एक पुस्तक आणि एक शिक्षक, जो स्वतःच इंग्रजी कधी फारसं ऐकलेला नाही.

बारावीनंतर 'गाओकाओ' ही प्रवेश परीक्षा असते. तिच्यात बहुतेक ठिकाणी ७५० पैकी १५० मार्क इंग्रजीला. पण हेनानसारख्या काही प्रांतांमध्ये वर्षानुवर्षं ऐकण्याच्या प्रश्नांचे मार्क धरलेच जात नव्हते. त्यामुळे तिथल्या शाळा ऐकण्याचा सराव कशाला घेतील? आता हेनानच्या खेड्यातला एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. वाचून वाचून त्याने गाओकाओत चांगले मार्क काढले, मोठ्या शहरात कॉलेज मिळालं. दोन वर्षांत समोर चौथी पातळी, आणि तिच्यात ३५ टक्के मार्क कानांचे. शेजारी बसलेला शहरी मुलगा लहानपणापासून इंग्रजी ऐकत आलाय. हेडफोन दोघांच्या कानाला सारखाच, फ्रिक्वेन्सी सारखीच. पण एकाला बातमी ऐकू येते आणि दुसऱ्याला नुसता आवाज.

मग पोरं करतात काय?

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे काहीच न करता जाऊन बसणं. याला तिथे 'लुओ-काओ' म्हणतात. शब्दशः अर्थ 'नागडी परीक्षा', म्हणजे अभ्यासाचा एक धागाही अंगावर न घेता दिलेली परीक्षा.

दुसरा मार्ग देवाधर्माचा. परीक्षेच्या आदल्या रात्री सोशल मीडियावर 'जिनली', म्हणजे शुभ मानल्या जाणाऱ्या रंगीत माशाचे फोटो फिरतात. फोटो पुढे पाठवा, ४२५ मिळतील. आपल्याकडे 'हा मेसेज ११ जणांना पाठवा' होतं, अगदी तेच.

तिसरा मार्ग मोबाईलचा. शब्द पाठ करायची ॲप्स जोरात चालतात. एका ॲपच्या नावाचा अर्थ 'शंभर शब्दांची कत्तल', तर दुसऱ्याचं नाव आहे 'शब्द पाठ करायचे नाहीत'. रोजचा कोटा झाला की 'दाका' करायचं. म्हणजे कारखान्यात हजेरीचं कार्ड पंच करतात, तसं आजचा अभ्यास झाल्याचं सगळ्यांना दाखवायचं. आज ९७ वा दिवस, ३,४०० शब्द झाले, अशी पोस्ट टाकायची. ९८ व्या दिवशी खाडा झाला की मित्र विचारतात, काय रे, अबॅन्डन का?

आणि चौथा मार्ग आवाजाचा. चीनच्या कॉलेजांमध्ये भल्या पहाटे तळ्याकाठी, झाडाखाली, जिन्यात पोरं-पोरी उभं राहून मोठ्याने इंग्रजी वाचताना दिसतात. एकमेकांशी बोलत नाहीत, नुसतं वाचतात. १९९० च्या दशकात ली यांग नावाच्या माणसाने याच गोष्टीचं 'क्रेझी इंग्लिश' केलं. मैदानात हजारो लोक जमवायचे आणि सगळ्यांनी घसा फाडून इंग्रजी वाक्यं ओरडायची. शिकवण्याची पद्धत म्हणून त्यावर खूप टीका झाली. पण तिथे माणसं का जमत होती, ते मुकं इंग्रजी माहीत असलेल्याला लगेच कळतं. चुकलं तर हसतील, ही भीती हजारोंच्या आरडाओरड्यात बुडून जात होती.

याच गरजेवर मोठे धंदेही उभे राहिले. यू मिनहोंग हा जिआंगसू प्रांतातल्या शेतकऱ्याचा मुलगा. गाओकाओत दोनदा आपटला, १९८० साली तिसऱ्या प्रयत्नात पेकिंग विद्यापीठात पोचला. पुढे तिथेच इंग्रजी शिकवलं आणि १९९३ साली 'न्यू ओरिएंटल' नावाचे क्लास काढले. २००६ साली ही कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात गेली. २०२१ साली सरकारने शाळकरी मुलांच्या खाजगी क्लासवर बंदीसारखे निर्बंध आणले आणि कंपनीचा मोठा धंदा एका फटक्यात बसला. मग त्यांनी काय केलं? मोबाईलवर लाईव्ह येऊन शेतमाल विकायला सुरुवात केली. जून २०२२ मध्ये त्यांचा दोंग युहुई नावाचा इंग्रजीचा मास्तर फळ्यावर शब्द लिहीत, इंग्रजी समजावत मका आणि बीफ स्टेक विकायला लागला आणि रातोरात देशभर प्रसिद्ध झाला. लोक मका घेत होते आणि जाता जाता दोन शब्दही शिकत होते. परीक्षेचं ओझं नसलं की हीच भाषा लोकांना ऐकावीशी वाटते, हे त्या महिन्यात लाखो लोकांनी आपापल्या मोबाईलवर बघितलं.

खरंच काय उपयोगी पडतं?

ज्यांची परीक्षाही निघते आणि तोंडही उघडतं, त्यांच्या सवयी बघितल्या तर त्यात जादू काही नाही.

ते नुसत्या याद्या पाठ करत नाहीत. मागच्या वर्षांचे खरे पेपर घेतात आणि उताऱ्यात आलेला शब्द त्या वाक्यासकट लक्षात ठेवतात. ऐकण्याचा सराव करताना एकच बातमी अर्धा तास घेऊन बसतात. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, ऐकलेलं लिहायचं, मग मूळ मजकुराशी ताडून बघायचं. पहिल्या दिवशी अर्धी वाक्यं रिकामी राहतात. दोन महिन्यांनी तीच वाक्यं कानात सुटी सुटी पडायला लागतात. मग त्या आवाजाच्या मागोमाग मोठ्याने बोलायचं, त्याच वेगात, त्याच चढउतारात.

आणि ते माणसं शोधतात. चीनमध्ये १९७० च्या दशकाच्या शेवटापासून 'इंग्रजीचा कोपरा' नावाचा प्रकार आहे. शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये, बीजिंगच्या रेनमिन विद्यापीठात ठरलेल्या दिवशी अनोळखी माणसं जमतात आणि मोडकंतोडकं इंग्रजी बोलतात. विद्यार्थी, कारकून, निवृत्त इंजिनिअर. परीक्षक नाही, मार्क नाहीत, चुकलं तर समोरचाही चुकतोच आहे.

हेनानहून आलेल्या त्या मुलाला या दोन्ही गोष्टी फुकट मिळतात. त्या कोणीतरी त्याला वेळेवर सांगाव्या लागतात एवढंच. नाहीतर तो पुन्हा पुस्तकाचं पहिलं पान उघडतो.

परीक्षेचा निकाल साधारण दोन महिन्यांनी ऑनलाइन लागतो. त्या दिवशी सकाळी वेबसाइट दम टाकते, होस्टेलच्या खोल्यांमध्ये आरडाओरडा होतो. कुणाला ४२६ मिळालेले असतात आणि तो पार्टी देतो, कारण ४२५ च्या वरचा प्रत्येक मार्क त्याला फुकट गेल्यासारखा वाटतो. कुणाला ४२४ मिळालेले असतात. तो दोन दिवस कुणाशी बोलत नाही, आणि तिसऱ्या दिवशी कपाटातून तेच पुस्तक काढतो. पान पहिलं, शब्द पहिला.